रानात नाव घेत नाहीत

नाईक, तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, चांगल्या वळणदार बाळबोध अक्षरात, यादीत सगळ्यांच्या वर. त्याचं पुढे जे झालं ते तू भोगलंस. आता पुरे.

काल सकाळी मी कचेरीला निघालो होतो. पागोटं डोक्यावर ठेवतोय तर ओटीखाली भागी उभी. तुझी बायको एकटी कल्याणात आलेली मी कधी पाहिली नव्हती. ती पायरी चढली नाही आणि मीही वर ये म्हणालो नाही. आमच्या घरात ती रीत नाही, आणि ती मोडण्याइतकी छाती मला देवाने दिलेली नाही. "गेला तो," ती म्हणाली. "दिस घालून आलेय." बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मात्र तुमच्या आमच्या घरात सारखीच आहे. मी पागोटं काढून खुंटीला लावलं. वीस वर्षांच्या चाकरीत न सांगता घरी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ.

मी तुला 'तू' म्हणायचो ते कारकुनाच्या मिजाशीत, हे आज कबूल करतो. तू मला 'तू' म्हणायचास, कारण तुमच्याकडे अहोजाहो मुळात नाहीच. मोजणीच्या गोऱ्या साहेबालाही तू "बस की तू खाली, उभा कशाला?" म्हणालास आणि आमचे हेडकारकून जागच्या जागी घामेघूम झाले. साहेब मात्र बसला. आजचं माझं 'तू' वेगळं आहे. गेलेल्या माणसाला सगळेच असं बोलतात.

सहा वर्षांपूर्वीचा पौष महिना. त्या साहेबाबरोबर मी घाटाखालच्या रानात झाडं मोजायला आलो होतो. मोजायचं साहेबाने, लिहायचं मी. एका दुपारी आडोशाला म्हणून बाजूला गेलो आणि परतीची वाट चुकलो. शहरी माणूस चुकल्यावर जे करतो तेच मी केलं, बोंब ठोकली. आमच्या शिपायाच्या नावाने हाका मारत सुटलो. तिसऱ्या हाकेला मागून एक हात आला आणि माझ्या तोंडावर दाबून बसला. त्या हाताला धुराचा वास होता. मला वाटलं, संपलं आपलं.

"नाव घेव नको," तू कानाशी म्हणालास. "मोठा आयकतो."

मोठा म्हणजे वाघ, हे मला तेव्हा कुठलं कळायला! तू मला एका खोडावरचे नखांचे ओरखडे दाखवलेस, आणि दोन शब्दांत समजावलंस. रानात कुणी कुणाचं नाव घेत नाही. वाघाने नाव ऐकलं की तो ते ध्यानात ठेवतो. मग एखाद्या दिवशी त्याच नावाने हाक मारतो. माणूस ओ देतो, आणि जातो. मग तुम्ही एकमेकांना बोलावता तरी कसं, मी विचारलं. तू कोयत्याच्या मुठीने खोडावर दोनदा ठोकलंस. थोड्या वेळाने लांबून दोनदा उत्तर आलं. मला इतकं हसू आलं होतं! तू मला तंबूपर्यंत सोडायला आलास, आणि वाटेत माझ्या पागोट्याकडे बघून म्हणालास, "ह्या भोपळ्याचा भार व्हत नाय तुला?"

तिथून आपली ओळख. पुढे तू बाजाराला कल्याणला यायचास तेव्हा मधाचं एक पोळं आमच्या परसात ठेवायचास आणि विहिरीच्या कट्ट्याखाली उकिडवा बसायचास. मी कट्ट्यावर. वाद घालायला ती जागा आपल्याला छान लाभली होती.

तुझा आजा घाटाचा नाईक. पेशवाईत वरून उतरणारे बैलांचे तांडे त्याने आणि त्याच्या माणसांनी सुखरूप खाली आणायचे आणि त्याबदली डोंगराचं रान तुमच्या वाडीने वापरायचं, असा ठराव. माझ्या डोक्यात कारकुनी प्रश्न आला, की सनद कुठे आहे? तू मला एका ऐनाच्या झाडाशी नेलंस. त्याच्या अंगावर गाठीच गाठी होत्या. "ह्या माज्या आज्यानं तोडला, ह्या बानं, ह्या मी. शेंडा कुनी तोडलाय? बघ." शेंडा खरंच शाबूत होता. वर सरळ वाढलेला. तीन पिढ्यांनी त्या झाडाचे टहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, नेले होते आणि झाड माझ्या आजोबांच्या वयाचं होऊन उभं होतं. मी म्हणालो, हे कचेरीत दाखल करता येत नाही रे. तू म्हणालास, "मंग कचेरी हितं आन."

राबाचं मला तूच शिकवलंस. भात आम्ही जन्मभर खाल्ला, पण माघ-फाल्गुनात झाडांचे टहाळ तोडून, वाळवून, शेताच्या एका तुकड्यावर पसरून, वर गवत आणि माती घालून ते भाजावे लागतात, आणि त्या राखेत पेरलं तरच रोपं धरतात, हे कल्याणात बसून कोण सांगणार! टहाळ नाही तर राब नाही आणि राब नाही तर भात नाही. कुठल्या घराने कुठली झाडं घ्यायची, आंब्याला, मोहाला, हिरड्याला कोयता लावायचा नाही, हे सगळं तुमच्या वाडीत ठरलेलं होतं. त्यासाठी तू धरून बत्तीस राखणदार होते. तीरकमठे, कोयते आणि ठासणीच्या दोन जुन्या बंदुका. बाहेरचा कुणी कुऱ्हाड घेऊन चढला तर त्याला खाली सोडून येणं, एवढंच त्यांचं काम.

मग सरकारने रान राखीव केलं. टहाळ तोडला तर गुन्हा. आणि आगगाडीच्या रुळांखाली घालायला ठेकेदाराने अख्खा ऐन बुंध्यातून आडवा केला तर तो परवाना. यादीतली झाडं साहेबाने मोजलेली आणि मी लिहिलेली होती, तेव्हा मी याबद्दल फार तोंड वर करून बोलावं असं नाही. पण माझा संताप खरा होता, नाईक. तेवढं तरी मानून घे.

आपला वाद तिथेच पेटला. मी म्हणायचो, अर्ज कर. तू म्हणायचास, कसला अर्ज? मी म्हणायचो, तीरकमठ्याने सरकार हटतं का? तेव्हा तू जे बोललास ते मला अजून खोडता आलेलं नाही. "हटवायचा कुनाला हाय? त्यानं खाली ऱ्हावा, आमी वर ऱ्हातो. आमी कदी कल्यानात येऊन तुज्या विहिरीला कुंपान घातला?" मी चिडून म्हणालो, डोंगर तुमचा असेल, पण कायदा आता खाली लिहिला जातो आणि तो कागदाला कागदानेच उत्तर देतो. मला आपलं बोलणं तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दोन महिने लागले तुला वळवायला. रविवारी मी स्वतः वाडीवर आलो, दौत-लेखणी घेऊन. खळ्यावर सगळे जमले. अर्ज तुम्हाला पसंत पडला. अडलं ते नावांपाशी. कागदावर नाव घालायचं म्हणजे ते आमच्या हातून गेलं, म्हातारे म्हणाले. कोण वाचील, कोण हाक मारील, काय ठावं? मी हसलो. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. "अरे, सरकार म्हणजे काही वाघ नाही."

तू उठलास. मग वाघोबाच्या दगडापुढे नारळ ठेवून आलास आणि पहिलं नाव तू दिलंस, तुझं. मागोमाग एकेक जण येऊन कानात सांगितल्यासारखं हळू नाव सांगत होता आणि पुढे कोयत्याची निशाणी काढत होता. शेवटचा आला तो राखणदारांतला एक मुका. त्याचं नाव तू सांगितलंस. त्याने कोयता सगळ्यांत सुबक काढला. खाली मी सवयीने ओळ ओढली आणि लिहिलं, एकूण असामी बत्तीस, अक्षरी बत्तीस. मधेच कुणी नाव घुसवू नये म्हणून कारकून असं लिहितो. हात आपोआप चालतो.

"आन तुजा नाव कुठं?" तू विचारलंस.

"लिहिणाऱ्याचं नाव लागत नाही," मी म्हणालो.

नाईक, लागतं. प्रत्येक अर्जाखाली लिहिणाऱ्याचं नाव लागतं, त्याला दस्तुर म्हणतात, आणि ते नसेल तर अर्ज निनावी हाताचा म्हणून संशयाने बघतात. मला हे पाठ होतं. पण सरकारी चाकराने रयतेचा अर्ज लिहून दिला हे कळलं असतं तर माझी चाकरी गेली असती. म्हणून तर मी रोजचं मोडी सोडून बाळबोध लिहिलं होतं, माझा हात कुणी ओळखू नये म्हणून. बत्तीस माणसांना मी नाव द्यायला लावलं आणि माझं तेवढं खिशात ठेवलं. हे तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी सांगितलं नाही.

अर्जाचं उत्तर आलं नाही. माघ आला तरी आलं नाही. पहिला टहाळ तोडताना रखवालदारांनी सहा कोयते जप्त केले आणि दुसऱ्या दिवशी तू खिंड धरलीस. पुढचे दोन महिने तुमच्या डोंगरावर सरकार चढलं नाही. ठेकेदाराच्या माणसांना तुम्ही हात लावला नाहीत, कुऱ्हाडी काढून घेतल्यात आणि वाघोबाच्या दगडाशेजारच्या झाडाला टांगून ठेवल्यात. वाडीने त्या वर्षी राब भाजला. धूर दिसतो म्हणून लोक कल्याणात बोलायचे. मी कचेरीत मान खाली घालून लिहीत असायचो, आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला आनंद व्हायचा. मग एका रखवालदाराच्या मांडीत तीर लागला. तो कुणी सोडला ते मला माहीत नाही आणि मी तुला कधी विचारलंही नाही. माणूस वाचला, पण त्यानंतर पोलिसांची तुकडी निघाली.

पोलिसांना नावं हवी होती. तुमच्या वाडीत कोण किती राहतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडकारकुनांना अर्ज आठवला. दप्तरातून त्यांनी तो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "याची मोडीत स्वच्छ यादी करून द्या. तुमचं अक्षर बरं आहे."

केली. तुझं नाव वर, बाकीची खाली, त्याच क्रमाने. मुक्यापाशी आलो तेव्हा माझा हात थांबला. त्याला काय कळतंय, याला तरी सोडू, असं वाटलं. मी एकतीस नावं लिहून कागद पुढे केला. हेडकारकुनांनी अर्जावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अहो, इथे बत्तीस आहेत. अक्षरीसुद्धा." मी चूक झाली म्हणालो आणि बत्तिसावं नाव लिहिलं.

पुढचं भागीने काल सांगितलेलं. पोलीस रानात शिरले नाहीत. ते पहाटे वाडीत आले आणि मधोमध उभं राहून एकाने यादी वाचायला घेतली. एकेक नाव मोठ्याने, स्पष्ट. घरात कुणी नावाने हाक मारली तर माणूस ओ देतो, ती तुमची रीत. तू पहिला बाहेर आलास. मग बाकीचे, एकामागून एक. मुक्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याला ओ कशी देणार? त्याने घराच्या मेढीच्या खांबावर दोनदा ठोकलं.

खटला पावसाळ्यात चालला. मी मागच्या बाकावर येऊन बसायचो, रजा काढून. न्यायाधीशांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि तुला विचारलं, प्रत्येक अर्जावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, यावर ते का नाही? तुम्हाला लिहिता येत नाही. मग हे लिहिलं कुणी?

तेव्हा तुला कळलं. मी तुझी पाठ पाहत होतो, आणि तुला कळलेलं मला पाठीवरून दिसलं. तू मान वळवलीस. गर्दीत मला शोधायला तुला जराही वेळ लागला नाही. आता बोट वर होणार, असं धरून मी बसलो, आणि झालं असतं तर मी तुला दोष दिला नसता असं म्हणायला मला फार आवडेल. पण त्या क्षणी मी देवाला एवढंच म्हणत होतो की याने बोलू नये.

"रानात नाव घेत नाय, सायेब," तू म्हणालास.

सगळे हसले. न्यायाधीश म्हणाले, हे रान नाही.

"तुज्यासाटी नसंल."

त्या उद्धटपणाची आणि लपवाछपवीची शिक्षा वेगळी धरली, असं तुमचे वकील म्हणाले. इतर वर्षभराने सुटले. तुला तीन वर्षं.

ठाण्याच्या तुरुंगात तू होतास तेव्हा भागी दर महिन्याला वाडीवरून निघायची. कल्याणला एक मुक्काम, मग डोंबिवलीच्या शेतांच्या बांधांवरून, दिव्याच्या खाजणातून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून कळव्याला. तिथून खाडी ओलांडली की ठाणं. भेट मिळाली नाही तर ती कळव्याच्या काठावर बसून पलीकडे बघायची आणि परत फिरायची. हे तिने मला कालच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. तिच्या प्रत्येक खेपेला आमचं घर वाटेत होतं. ती कधी थांबली नाही. मीही कधी तिची चौकशी केली नाही.

मार्गशीर्षात तुला मुदतीआधी सोडलं, कारण छातीचं दुखणं बळावलं होतं. तुझी गाडी कल्याणातून जाणार हे मला कळलं आणि मी तळ्यापाशी येऊन उभा राहिलो. गूळ-दाणे बांधून आणले होते. जे बोलायचं ते तीन दिवस मनात घोकलेलं. यादी माझ्या हातची. दस्तुर लागतं. मला माफ कर. गाडी थांबली. गवतावर तू पडलेला, निम्मा राहिलेला. माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "भोपळा कुठं?" मी घाईत पागोटं न घालताच आलो होतो.

मग विचारलंस, "औंदा राब भाजतील ना रं?"

दोन वर्षं वाडीत राब झालेला नाही, रोपं पिवळी पडून बसली, निम्मी माणसं मिठागरांवर मजुरीला गेली, हे मी तुला कसं सांगणार? "भाजतील," मी म्हणालो. "तू बरा हो." गुळाची पुरचुंडी तुझ्या उशाशी ठेवली. गाडीवानाने बैल हाकले. मी तळ्याच्या काठी उभा राहून तुझ्या गाडीची धूळ बघत होतो आणि माझी तिन्ही वाक्यं माझ्यापाशीच होती.

तू माझ्यावर रागावलेला मला चाललं असतं. तू रागावला नाहीस, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुझे उपकार मानावेत तर ते कुठल्या तोंडाने मानू? आणि वाद तरी कोण जिंकलं? मी म्हणालो कागद, आणि कागदानेच तुम्हाला धरलं. तू म्हणालास तीरकमठा, तर त्याने एक राब दिला. एकच, पण दिला.

भागी नुसतं सांगायला आलेली नव्हती. पायरीखाली उभी राहूनच ती म्हणाली, "माघ लागतोय. टहाळाचा अरज लिव." मी म्हणालो, लिहितो, नावं कुणाकुणाची घालायची?

"आमचा कोन नाव देनार नाय. पयल्यांदा आमी दिला." मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "ह्या बारी तुजा घाल."

तिला ठाऊक आहे का? तू सांगितलंस का मरताना? मी विचारलं नाही. ती काल धर्मशाळेत राहिली.

अर्ज लिहून झाला आहे, नाईक. माझ्या समोर आहे. मोडीत लिहिला, माझ्या रोजच्या अक्षरात, कचेरीतला कुठलाही शिकाऊ उमेदवार लांबून ओळखेल अशा. तुमची रीत लिहिली आहे, ऐनाच्या गाठी लिहिल्या, शेंडा न तोडण्याचं लिहिलं आहे. साहेबाच्या यादीतली झाडं मोजताना त्या गाठी मी पाहिल्या होत्या आणि लिहिल्या नव्हत्या, हेही लिहिलं आहे. उत्तर येईल असं मला वाटत नाही. माझ्या चाकरीचं उत्तर मात्र नक्की येईल, आणि बहुधा आठवडाभरात. घरात अजून सांगितलेलं नाही. नावापाशी येऊन थांबलो आणि म्हटलं आधी तुझ्याशी बोलून घ्यावं.

खाली भागी आली आहे. हाक मारत नाही. ओटीच्या खांबावर दोनदा ठोकलं तिने.

मीही खिडकीच्या चौकटीवर दोनदा ठोकलं आहे, आणि आता लिहितो.

एकूण असामी एक, अक्षरी एक. दस्तुर खुद्द, त्र्यंबक धोंडो, कारकून, राहणार कल्याण.